आपली पतसंस्था आणि जर्मनांची रायफायझन बँक: कोकणातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत मी बरीच वर्षं सचिव होतो, आणि सभासद, संचालक, पिग्मी एजंट, गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी असे सगळे मिळून मला जे प्रश्न विचारत आले ते इथं एकत्र लिहून काढलेत. भारत आणि जर्मनी या दोन देशांत सहकारी पतपुरवठा कसा वाढला, वाटा कुठं वेगळ्या झाल्या आणि त्याचा आपल्या ठेवीशी काय संबंध, एवढाच विषय. काही उत्तरं लांब आहेत, काही दोन ओळींची, कारण काही ठिकाणी सांगण्यासारखंच जास्त आहे. घाई असेल तर बँक बुडण्याचा आणि त्याच्या पुढचा पतसंस्थेचा असे दोन प्रश्न आधी वाचा, ते तरी सगळ्यांनी वाचायलाच हवेत.

तुलना करायला जर्मनीच का? इंग्लंड, जपान का नाही?

कारण आपली विकास सोसायटी, पतसंस्था, जिल्हा बँक हे सगळं मुळात जर्मन नमुन्यावर बेतलेलं आहे. राज्य इंग्रजांचं होतं, मोठ्या बँका इंग्लंडच्या धर्तीवर आल्या, पण गावातल्या कुळाला, छोट्या शेतकऱ्याला कर्ज कसं द्यायचं हा प्रश्न उभा राहिला तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांनीसुद्धा जर्मनीकडे बघितलं. नमुना एक, देश दोन, आणि सव्वाशे वर्षांनी दोन्हीकडचं चित्र इतकं वेगळं, म्हणून ही तुलना मला महत्त्वाची वाटते.

हा रायफायझन कोण?

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन, जन्म १८१८, मृत्यू १८८८. ऱ्हाईन नदीजवळच्या वेस्टरवाल्ड नावाच्या डोंगराळ गरीब भागात तो गावांचा महापौर होता, महापौर म्हणजे आपल्या मनात मुंबईचा येतो तसा नाही, बऱ्याच खेड्यांचा मिळून कारभारी म्हणा. १८४६-४७ च्या हिवाळ्यात तिकडे दुष्काळ पडला, सरकारने धान्य पाठवलं पण ते रोख पैसे घेऊनच द्या अशी अट घातली, आणि ज्यांच्याकडे रोख होती त्यांना धान्याची गरज नव्हती. याने गावातल्या पैसेवाल्यांना एकत्र केलं, धान्य उधारीवर वाटलं, गावासाठी भट्टी बांधून स्वस्त पाव सुरू केले.

पुढे १८४९ मध्ये फ्लामर्सफेल्ड गावी त्याने गरिबांना गुरं घेऊन द्यायची संस्था काढली. तिकडे गुरांचे व्यापारी शेतकऱ्याला गाय भाड्याने किंवा उधारीवर द्यायचे आणि तो त्यातून कधी सुटायचाच नाही. संस्था गाय घेऊन द्यायची आणि पैसे पाच वर्षांत हप्त्याने वसूल करायची. पण पैसा अजूनही श्रीमंतांचा होता, त्यांची हमी, त्यांचा उपकार. काही वर्षांत त्याच्या लक्षात आलं की दानशूर माणसाचा उत्साह ओसरला की संस्था आटोपते. मग १८६४ मध्ये हेडेस्डोर्फला जी कर्जसंस्था उभी राहिली तिचा नियमच वेगळा होता, ज्याला कर्ज हवं त्याने सभासद व्हायचं आणि सगळ्या सभासदांनी मिळून जबाबदारी घ्यायची. त्याच्या आयुष्यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा भाग हाच आहे, की दयेवर चालणारी चांगली संस्था हातात असताना त्याने ती बदलून कर्ज घेणाऱ्याच्याच ताब्यात दिली.

आणि शुल्झ-डेलिच?

हर्मान शुल्झ-डेलिच, त्याच काळातला पण शहरातला. सुतार, चांभार, छोटे दुकानदार यांच्यासाठी त्याने १८५० मध्ये डेलिच गावात कर्जसंस्था काढली. त्याच्याकडे भाग भांडवल, लाभांश, मोठा परिसर. रायफायझनकडे एकच गाव, लाभांश जवळजवळ नाही, कारभारी बिनपगारी, नफा न वाटता येणाऱ्या राखीव निधीत. आपल्याकडच्या नागरी बँका शुल्झच्या वळणाच्या आणि गावची विकास सोसायटी रायफायझनच्या, असं ढोबळ समजायला हरकत नाही.

अमर्याद जबाबदारी म्हणतात ती काय भानगड होती?

संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाने फक्त आपल्या भागाइतकं नाही तर गरज पडली तर घरदार विकून देणं फेडायचं. ऐकायला भीती वाटते, पण त्या गावाकडे तारण द्यायला दुसरं काही नव्हतंच, एकमेकांची ओळख हेच तारण. आपल्याकडे रापण ओढतात ना, दोर सगळ्यांनी धरायचा आणि एकाने हात सोडला तर ओझं बाकीच्यांच्या खांद्यावर येतं, अगदी तसंच. त्यामुळे कोण कर्ज घेतोय, गायीसाठीच घेतोय की दारूसाठी, याच्यावर अख्खं गाव लक्ष ठेवून. १८८९ च्या जर्मन कायद्याने मर्यादित जबाबदारीची मुभा दिली आणि हळूहळू जुनी पद्धत मागे पडली. आपल्या १९०४ च्या कायद्यातही ग्रामीण संस्थांना साधारणपणे अमर्याद जबाबदारीच होती, हे आज फार जणांना माहीत नसतं.

हे सगळं जर्मनीतून आपल्याकडे आलं कसं?

१८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, सुप्यापासून सुरुवात झाली. त्यानंतर १८७९ चा दख्खन कृषक कायदा आला, तगाई म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्ज आलं, न्यायमूर्ती रानडे आणि इंग्रज अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी शेती बँकेची कल्पना मांडली पण ती वरून मंजूर झाली नाही. मद्रास इलाख्यातले अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांना युरोपातल्या शेती बँका बघायला पाठवलं, त्यांचा अहवाल १८९५ आणि १८९७ मध्ये दोन खंडांत आला, आणि हजारो गोष्टी लिहून शेवटी त्यांचं सांगणं एवढंच की रायफायझन शोधा. आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे हेच निकोल्सन पुढे मद्रासच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे प्रमुख झाले आणि मच्छीमारांच्या प्रश्नात त्यांनी पुढची बरीच वर्षं घातली.

त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला, १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याशिवाय इतर संस्था आणि वरच्या मध्यवर्ती बँका यांनाही मान्यता मिळाली. पण कायदा यायच्या आधीच लोकांनी सुरुवात केली होती, बडोद्याला १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी निघाली. मुंबईत १९०६ ला शामराव विठ्ठल, १९१८ ला सारस्वत या संस्था आल्या आणि १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी प्रांताची मध्यवर्ती बँक उभी केली.

त्या काळात कोकणात काय चाललं होतं?

खोत आणि सावकार. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकच माणूस. कुळाने भात पिकवायचं, खंड खोताच्या खळ्यात घालायचा, आणि पावसाळ्यात खायला नाही म्हणून त्याच्याकडूनच दीडीवर, म्हणजे दीडपट परत द्यायच्या बोलीवर, भात आणायचं. अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला, नारायण नागू पाटलांनी तो उभा केला, १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती बंद करायचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं आणि शेवटी कायदा १९४९ ला झाला. या साठसत्तर वर्षांत वेस्टरवाल्डमधला शेतकरी आपल्या संस्थेत मत देत होता आणि इथलं कूळ अजून स्वतःच्या नावावर जमीन यायची वाट बघत होतं. कोकणच्या पतपुरवठ्याची चर्चा करताना हे बाजूला ठेवून चालत नाही, कारण ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला सोसायटीचं कर्ज कसलं.

दुसरी सोय म्हणजे मनीऑर्डर. टपाल खात्याने ती १८८० मध्ये सुरू केली, १८८२ ला पोस्टाची बचत बँक आली, आणि गिरणीत गेलेला मुलगा दर महिन्याला पाठवायचा त्यावर कोकणातली घरं चालली. माझ्या मते कोकणातली पहिली खरी वित्तसंस्था म्हणजे पोस्टमनच. पण मनीऑर्डर खर्चाला येते, ती खाऊन संपते, तिच्यातून गावाचं भांडवल उभं राहत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर तोही ओघ आटला.

नमुना एकच होता तर फरक नेमका कुठं पडला?

हिशेब कोण तपासतो, इथं.

जर्मनीत संस्थांनी एकत्र येऊन स्वतःचे संघ बनवले आणि संघाचे तपासनीस संस्थांमध्ये जायला लागले. १८८९ च्या कायद्याने दर दोन वर्षांनी बाहेरच्या माणसाकडून तपासणी सक्तीची केली, १९३४ च्या दुरुस्तीने प्रत्येक सहकारी संस्थेला कुठल्यातरी तपासणी संघाचं सभासद व्हावंच लागतं असं झालं, ते आजही तसंच आहे. नवी संस्था काढायची तर आधी संघ तुमचा आराखडा बघणार, मत देणार, मग नोंदणी. आणि तपासणी म्हणजे फक्त बेरजा वजाबाक्या नाहीत, कारभार कसा चाललाय, कर्ज कुणाला का दिलं, संचालक बैठकीला येतात का, हे सगळं. संघाचा खर्च संस्थाच देतात, आणि एक संस्था बुडाली तर बाकीच्यांच्या खिशाला चटका बसतो म्हणून तपासनीस ढिला पडलेला कुणालाच परवडत नाही.

आपल्याकडे १९०४ च्या कायद्यात निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवरचा सरकारी अधिकारी, आला. नोंदणी तोच करणार, दरवर्षी तपासणी तोच करवणार, संस्था मोडीतही तोच काढणार. सुरुवातीला हे समजण्यासारखं होतं, गावात लिहितावाचता माणूस मिळायची मारामार. पण ती काठी पुढे कधी काढून घेतलीच नाही. सभासदाच्या मनात सोसायटी म्हणजे सरकारी ऑफिस असंच बसलं आणि अजून आहे. सोसायटीचं कर्ज म्हणजे सरकारचे पैसे, हे वाक्य मी कितीतरी खळ्यांत बसून ऐकलंय, आणि तसं वाटणाऱ्या माणसाला दोष देता येत नाही, त्याने लहानपणापासून तेच बघितलेलं असतं.

शिवाय पैशाची दिशा. तिकडे आधी ठेवी गावात गोळा व्हायच्या, मग कर्ज, कमी पडलं तर वरच्या बँकेकडून. इकडे विकास सोसायटीकडे स्वतःच्या ठेवी फारशा नसायच्याच, पैसा राज्य बँकेकडून जिल्हा बँकेकडे आणि तिथून सोसायटीकडे असा वरून खाली. गावातल्या विधवेची ठेव सोसायटीत असती तर थकबाकीदाराला रस्त्यात गाठून विचारणारे चार लोक गावातच निघाले असते.

म्हणजे जर्मन सरकारने कधी हात लावलाच नाही?

असं नाही. १८९५ मध्ये जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या सरकारने सहकारी संस्थांना पैसा पुरवायला स्वतःच्या भांडवलावर मध्यवर्ती बँक काढली. नाझी काळात संघ सरकारच्या मुठीत गेले आणि १९३४ ची सक्ती त्याच राजवटीतली आहे हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. युद्धानंतर पूर्व जर्मनीत सहकाराला स्वतःचा निर्णय असा राहिलाच नाही. तरीही पश्चिमेकडे सरकार बाजूला झालं तेव्हा संघ उभा होता, कारण तो आधीपासून संस्थांचा होता.

आपल्याकडे सरकार भागीदार कसं काय झालं?

१९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपाहणी केली, गोरवाला समितीचा अहवाल १९५४ ला आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा सुमारे ३ टक्के आणि सावकारांचा जवळपास ७० टक्के. पन्नास वर्षं कायदा असून ही अवस्था. समितीने म्हटलं की सहकार फसलाय पण तो यशस्वी व्हायलाच हवा, आणि उपाय म्हणून सरकारने भाग भांडवल घालावं. त्याच शिफारशीतून १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही, पैसा खरंच पोचला, पण भांडवलासोबत सरकारने नेमलेले संचालक आले आणि मागोमाग निवडणुकीचं राजकारण आलं. जिल्हा बँकेची निवडणूक आपल्याकडे आमदारकीइतकी का गाजते त्याची मुळं इथं आहेत.

१ मार्च १९६६ पासून बँकिंग कायदा सहकारी बँकांना लागू झाला, म्हणजे बँकिंग रिझर्व्ह बँकेकडे आणि नोंदणी-निवडणूक राज्याच्या सहकार खात्याकडे. दोन मालक. नाबार्ड ही शेती आणि ग्रामीण पतपुरवठ्याची वरची बँक १९८२ ला आली. २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांच्या कारभारावर बरेच जास्त अधिकार मिळाले.

जर्मनीत तर पैशाची किंमत मातीमोल झाली होती, मग या बँका टिकल्या कशा?

दोनदा झाली. १९२३ च्या महागाईनंतर नवीन १ मार्क म्हणजे जुने १ लाख कोटी मार्क असा हिशेब झाला. १९४८ च्या चलनबदलात बचत खात्यातल्या १०० जुन्या मार्कांचे शेवटी जेमतेम साडेसहा नवे मार्क हातात आले. म्हातारपणासाठी ठेवलेलं सगळं गेलं, माणसं उद्ध्वस्त झाली. पण गेलं ते चलनामुळे, शेजारच्या संचालकाने खाल्लं म्हणून नाही, आणि हा फरक लोकांना कळत होता. सभासद यादी तीच, तपासनीस तेच, चालू धंद्याला कर्ज लागणारच, म्हणून पुन्हा सुरू. गावकऱ्यांचा विश्वास नोटेवरून उडाला तरी संस्थेवरून उडाला नाही असं मला ते वाचताना वाटतं.

१९६९ च्या राष्ट्रीयीकरणाने कोकणाला काही मिळालं का?

शाखा मिळाल्या, आणि ती लहान गोष्ट नाही. १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारी झाल्या, १९८० ला आणखी ६, मधे १९७५ पासून ग्रामीण बँका. ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा यायची तिथं बँकेची पाटी लागली. जर्मनीला हे करावंच लागलं नाही, कारण तिकडे नगरपालिकांच्या बचत बँका, त्यांना श्पारकासे म्हणतात, १७७८ च्या हॅम्बुर्गपासून गावोगाव पसरत गेल्या होत्या.

पण कोकणच्या वाट्याची ग्रामीण बँक २०१३ मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाली आणि मुख्यालय नागपूरला. मे २०२५ पासून अख्ख्या राज्याला एकच ग्रामीण बँक आहे. वेंगुर्ल्याच्या काजू प्रक्रियावाल्याला काय लागतं ते इतक्या लांबून कसं कळणार हा माझा साधा प्रश्न आहे.

इथल्या ठेवी इथंच वापरल्या जातात का?

बऱ्याच अंशी नाही. चाकरमान्यांचे, आखातात गेलेल्यांचे, पेन्शनवाल्यांचे पैसे इथल्या शाखांत पडतात आणि कर्जं दुसरीकडे जातात, सीडी रेशोची, म्हणजे ठेवींच्या मानाने कर्ज किती दिलं त्या प्रमाणाची, तक्रार रत्नागिरी-सिंधुदुर्ग या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जुनी आहे. जर्मनीत श्पारकासे आणि सहकारी बँका आपापल्या परिसरातच धंदा करतात, शेजारच्या तालुक्यात घुसायचं नाही. त्यामुळे ठेव त्याच भागातल्या सुताराला, द्राक्षवाल्याला, छोट्या कारखान्याला मिळते. तिकडेही छोट्या बँका एकमेकींत विलीन होत चालल्यात, १९७० च्या सुमारास सात हजारांच्या आसपास होत्या त्या आता ७०० पेक्षा कमी, सभासद मात्र पावणेदोन कोटींच्या वर. म्हणजे गावपण तिथंही थोडं गेलंच.

सांगली-कोल्हापूरसारखा सहकार कोकणात का फोफावला नाही?

ऊस नाही, हे उत्तर सगळे देतात आणि ते खरंही आहे. कारखाना उसाच्या बिलातूनच सोसायटीचं कर्ज कापून घेतो, वसुली आपोआप. आंबा असा कुणाच्या वजनकाट्यावरून जात नाही.

पण माझ्या टेबलावरची फाइल कशी असायची ते सांगतो. देवगड किंवा राजापूर बाजूचा बागायतदार, दीडशे कलमं, फवारणी, खत, राखणदार, पेट्या यांना पैसा हवा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. सातबारा बघावा तर आजोबांच्या नावाखाली चुलते, आत्या, चुलतभाऊ अशी बावीस-पंचवीस नावं, त्यातले दोन वारलेले आणि वारसनोंद नाही, एक अहमदाबादला, एक कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. ती गोळा होईपर्यंत मोहोर येऊन जातो. मग तो काय करणार, वाशीच्या दलालाकडून उचल घेतो. दलाल कागद मागत नाही, फोनवर पैसे देतो, फक्त माल त्याच्याच गाळ्यावर घालायचा आणि भाव तो लावेल तो. ऱ्हाईनकाठचा गुरांचा व्यापारी आणि हा दलाल यांच्यात मला काडीचा फरक दिसत नाही, दोघेही गरजेच्या वेळेला उभे राहतात आणि म्हणूनच दोघांना हटवणं कठीण.

मासेमारीत तेच. मच्छीमार सोसायट्या आहेत, डिझेलचा परतावा त्यांच्यातून येतो, मोठ्या नौकांना एनसीडीसीची, म्हणजे केंद्राच्या सहकार विकास निगमाची, कर्जं झाली, पण रोजच्या बर्फ-डिझेलच्या उचलीला व्यापारीच. बंदरावर लिलाव संपला की पिग्मीवाला पोरगा छोटं मशीन घेऊन टोपल्यांमधून फिरतो, मासेवाल्या मावशी ओल्या हातानेच शंभराची नोट काढून देतात आणि पावतीची चिटोरी पदराला बांधतात. बचत या बाईकडे आहे, रोज आहे. तिला गरज पडली की मात्र तिच्याकडे मागतात दोन नोकरदार जामीनदार, ते ती कुठून आणणार, मग सोनं तारण ठेवते.

सहकारी बँक बुडाली तर आपल्या पैशांचं काय? तिकडे काय होतं?

आपल्याकडे ठेव विम्याचा कायदा १९६१ चा आहे, या बाबतीत आपण पुष्कळ पुढे होतो, जर्मनीत सरकारी कायदा १९९८ ला आला. सहकारी बँका त्यात १९६८ पासून येऊ लागल्या. मर्यादा १९९३ पासून १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांची बेरीज करून. २०२१ च्या दुरुस्तीमुळे बँकेवर निर्बंध आले तरी विम्याचे पैसे ९० दिवसांत मिळायची तरतूद झाली. ही दुरुस्ती सहज झालेली नाही, सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढता येणार होते, आणि ठेवीदारांनी रस्त्यावर उतरून फार सोसलं त्यानंतरची ती आहे. त्याआधी २००१ ला गुजरातच्या माधवपुरा सहकारी बँकेचं प्रकरण झालंच होतं.

जर्मनीत पद्धतच वेगळी. युरोपचा नियम म्हणून १ लाख युरोपर्यंत कायद्याची हमी आहेच, पण सहकारी बँकांनी १९३० च्या दशकापासून आपला संरक्षण निधी ठेवलाय आणि तो ठेवीदाराला भरपाई द्यायची वेळच येऊ देत नाही, बँक अडचणीत दिसली की आधीच हात घालतो, कारभारी बदलतो, शेजारच्या धडधाकट बँकेत विलीन करतो. त्या निधीच्या काळात कुठल्याही ठेवीदाराचं नुकसान झालं नाही असं त्यांचा संघ सांगतो. आपला विमा बुडाल्यावर धावतो, त्यांचा बुडायच्या आधी.

पतसंस्थेतल्या ठेवीला हा ५ लाखांचा विमा आहे का?

नाही. नाही म्हणजे नाही. इतक्या जणांना वाटतं की आहे, म्हणून परत लिहितो, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. विमा फक्त रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकांना, म्हणजे सरकारी, खासगी, ग्रामीण, नागरी सहकारी आणि जिल्हा-राज्य सहकारी बँकांना. पतसंस्था राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली, एकाहून जास्त राज्यांतली मल्टिस्टेट असेल तर केंद्रीय निबंधकाकडे. नावात पतसंस्था, पतपेढी, क्रेडिट सोसायटी असेल तर ती बँक नाही, काउंटर कितीही चकचकीत असला आणि मॅनेजर कोट घालून बसला तरी. मी स्वतः पतसंस्थेत आयुष्य काढलंय, चांगल्या पतसंस्था भरपूर आहेत आणि त्यांच्याशिवाय कोकणातल्या छोट्या माणसाला कोण उभं करत नाही, पण निवृत्तीची सगळी रक्कम एका ठिकाणी अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी ठेवू नका हे मी प्रत्येकाला सांगत आलोय.

कर्जमाफी तिकडे होते का?

आपल्याकडे १९९० ला १०,००० पर्यंतची, २००८ ची केंद्राची, राज्यात २०१७ आणि २०१९ ची. जर्मनीतही १९३० च्या सुमारास पूर्वेकडच्या शेतीला सरकारी मदत झाली आणि त्यातला मोठा भाग बड्या जमीनदारांच्या पदरात पडला म्हणून तिथं गदारोळ झाला. अडलेल्याला मदत हवीच, पण वेळेवर भरणाऱ्या माणसाला दर वेळी आपण चुकलो असं वाटायला लावणं हे सहकाराला आतून पोखरतं, आणि आपल्याकडे मुद्दाम घरी निरोप पाठवायला न लावता हप्ता भरून जाणारे लोक कमी नाहीत.

डिजिटलमध्ये तरी आपण पुढे आहोत ना?

हो, आणि खूप. यूपीआय २०१६ ला आलं, आज शहाळंवाल्याकडेही क्यूआर आहे, जर्मन माणूस अजून बराच रोख वापरतो. शिवाय २०२२ मध्ये ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाचा २,५१६ कोटींचा कार्यक्रम मंजूर झालाय. पैसे पाठवणं मात्र वेगळं आणि कर्ज मिळणं वेगळं, त्या पंचवीस नावांच्या सातबाऱ्याला क्यूआरचा काही उपयोग नाही.

जर्मनीसारखी तपासणी आमच्या संस्थेत कशी आणायची?

कायदा बदलायची वाट बघू नका, हातात आहे ते वापरा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिथं अहवालाची पुस्तिका, नाश्ता आणि भेटवस्तू घेऊन निघून न जाता हे विचारा: ऑडिट वर्ग कुठला मिळाला, अ की ब की क, मागच्या वर्षीच्या शेऱ्यांचा दोष दुरुस्ती अहवाल कुठाय, एकूण कर्जाच्या किती टक्के थकीत, पहिले दहा मोठे कर्जदार मिळून किती रक्कम, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडे किती, कलम १०१ खालचे थकबाकी वसुलीचे दाखले किती घेतले आणि त्यातली वसुली किती झाली. लेखापरीक्षक नेमायचा विषय अजेंड्यावर असतो, तो टाळ्या वाजवून मंजूर करू नका, नाव काय, किती वर्षं तोच आहे, विचारा. उत्तर टाळलं तर लेखी अर्ज द्या, सभासदाला कागद बघायचा हक्क कलम ३२ मध्ये आहे.

एक अडचण कायम येते, सभा ठेवतात तेव्हा मुंबईकर सभासद गावात नसतात आणि गणसंख्या नाही म्हणून अर्ध्या तासाने तीच सभा बाराजणांत उरकतात. तेव्हा संचालकांना आत्ताच पत्र द्या की यंदाची सभा गणपतीच्या दिवसांत, गौरी जेवल्यानंतरच्या एखाद्या सकाळी ठेवा, आणि अहवालाची पीडीएफ वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर आधी टाका. त्या पत्रावर किमान दहा सभासदांच्या सह्या घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका.